भिंतीले पाहा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. दूध उतू जाईल म्हणून गॅसपासून न हलणारी, कुलूप तीनदा ओढून पाहणारी आणि तरीही गल्लीच्या कोपऱ्यावरून परत येणारी. नवरा म्हणतो, काळजीचं खातं हिच्याकडे आहे, म्हणून घरातल्या बाकीच्यांना सुट्टी. एरवी मी त्यावर हसते. पण गेल्या उन्हाळ्यातली भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ती एका वाक्यातून आली होती, आणि ते वाक्य मीच लिहिलेलं होतं.

मी स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतरं करते. हुडकेश्वरला आमचं घर आहे, मागच्या खोलीत खिडकीशी टेबल आहे, आणि तिथे बसून मी वालेन्सियाकडच्या एका भाषांतर कंपनीसाठी फर्निचरची माहितीपत्रकं आणि जोडणीच्या सूचना इंग्रजीत उतरवते. लोकांना हे ऐकून गंमत वाटते. स्पॅनिश माझी नाही, इंग्रजीही माझी नाही. दोन्ही परक्या घरांमध्ये निरोप्याचं काम करायचं आणि स्वतःची मराठी गप्प बसवून ठेवायची. ती गप्प बसते असं मला वाटत होतं.

फर्निचरचे शब्द दिसायला साधे, पण भारी खोडकर. 'कोमोदा' म्हणजे ड्रॉवरचं बुटकं कपाट. तोच शब्द 'आरामशीर' या अर्थानेही येतो, आणि शब्दकोशात त्याच्यापुढे इंग्रजी 'कमोड' दिलेला असतो. पहिल्याच आठवड्यात मी तो बिनधास्त लिहून टाकला. नवऱ्याने माझ्या खांद्यावरून वाचलं, "तुमच्या बेडरूमसाठी पांढराशुभ्र कमोड, चार ड्रॉवरसह," आणि तो खुर्चीत बसून हसत सुटला. 'कामा नीदो' म्हणजे शब्दशः घरट्याचा पलंग. त्याच्या पोटातून दुसरा पलंग ओढून काढता येतो. 'मेसा कामिया' हे एक गोल टेबल. त्यावर जमिनीपर्यंत कापड सोडलेलं असतं आणि आत शेगडी ठेवतात, म्हणजे भोवती बसलेल्यांचे पाय शेकतात. इंग्रजीत याला नाव नाही. मी ते सासूबाईंना समजावून सांगत होते तेव्हा बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं. त्या पदराने वारा घेत म्हणाल्या, "टेबलाखाली शेगडी? येडे हायेत काय वं थे लोक?"

एका शब्दापाशी मात्र मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. कपाटाला स्पॅनिशमध्ये 'आर्मारियो' म्हणतात. आपली आलमारी पोर्तुगीजांबरोबर आली, तिचीच ही सख्खी बहीण. हा शब्द आला की मी तो न अडखळता ओलांडायचे, आणि उगाच स्वतःवर खूश व्हायचे.

या कामाची एक तऱ्हा सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मजकूर आमच्याकडे पानांच्या रूपात येत नाही. एकेक वाक्य सुटं करून एकेका चौकटीत टाकलेलं येतं. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे रिकामी जागा. चित्रं नाहीत. वरची ओळ गादी कशी झटकायची ते सांगते, खालची स्क्रू किती आवळायचे ते. कोणती ओळ कोणत्या वस्तूची, हे आपण अंदाजाने ओळखायचं. चित्रं मागितली तर काम वाटून देणारी तिकडची बाई कळवायची की ती अजून तयार नाहीत, अर्थ पाहून करा. मग मी अर्थ पाहून करायचे.

मार्च संपत आला होता, कूलरमध्ये नवी खस भरायची होती, आणि मुलांच्या खोलीच्या फर्निचरची मोठी फाईल आली होती. तिच्यात एक ओळ होती : 'फीखेसे बिएन आ ला पारेद आन्तेस दे सु ऊसो'. मी इंग्रजीत लिहिलं : वापरण्यापूर्वी भिंतीकडे नीट पाहा.

मला शंकासुद्धा आली नाही. येणार कशी? सासूबाई पारशिवनीकडच्या. त्यांच्या माहेरच्या घराला उधई, म्हणजे वाळवी, लागायची आणि पावसाळ्यात भिंतींना ओल यायची. त्यामुळे आमच्या घरी भिंतीला काहीही टेकवायचं म्हटलं, साधी ट्रंक का असेना, की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं : "पयले भिंतीले पाह्य." मग त्या स्वतः येऊन भिंतीवर बोटांनी टकटक करणार, वास घेणार, कोपऱ्यात नखाने खरवडणार. स्पेनमधल्या कोणी सुज्ञ माणसाने हेच लिहिलं आहे, असं मला वाटलं. जगात सगळीकडे सासवा आहेत, असा विचार करून मी हसलेही होते बहुतेक.

फाईल गेली. दोन-तीन आठवड्यांनी एका शुक्रवारी दुपारी त्याच कामाची छापील पानं मेलवर आली, या वेळी चित्रांसकट. सोबत एक ओळ होती : छपाई झाली आहे, ही प्रत फक्त तुमच्या संग्रहासाठी. मुलगी शेजारच्या पलंगावर झोपली होती. ती तेव्हा अडीच वर्षांची होती. मी चहा घेत पानं उलटत होते. स्वतःची इंग्रजी छापून आली की ती जरा बरी वाटते, म्हणून उलटत होते.

सहाव्या पानावर ड्रॉवरचं कपाट होतं. त्याच्या पाठीमागून धातूची एक पट्टी निघून भिंतीत स्क्रूने बसवली होती. शेजारी दुसरं चित्र होतं. त्यात एक लहान मूल उघड्या ड्रॉवरवर पाय देऊन वर चढत होतं, कपाट त्याच्या अंगावर कलंडत होतं, आणि सगळ्यावर लाल फुली मारली होती. त्या चित्रांच्या डोक्यावर माझं वाक्य होतं. वापरण्यापूर्वी भिंतीकडे नीट पाहा.

कप खाली ठेवला तो बशीत न बसता टेबलावर कलंडला.

'फिखार' म्हणजे घट्ट बसवणे, ठोकणे. तोच शब्द जरा वळवला की 'लक्ष देणे, पाहणे' होतो. दोन्हींचं आज्ञेचं रूप एकच, 'फीखेसे'. ओळखायचं कसं, तर पुढच्या छोट्या शब्दावरून. पाहायचं असेल तर 'एन' येतो, ठोकायचं असेल तर 'आ'. माझ्यासमोर धडधडीत 'आ' होता. हा नियम मला पाठ होता, मी तो दुसऱ्यांना शिकवलाही होता.

मग माझं चुकलं कुठे? ते त्याच क्षणी कळलं, आणि कळल्यावर जास्तच लाज वाटली. माझं माहेर खाप्याचं. आमच्याकडे 'मले', 'तुले', 'भिंतीले'. नोकरीसाठी पुण्याला गेले तेव्हा माझ्या 'मले'ला सगळे इतके हसले की सहा वर्षांत मी तो 'ले' जिभेवरून घासून घासून काढला. पुणेकर भिंती'कडे' पाहतो आणि भिंती'ला' ठोकतो. त्याला दोन्ही वेगळं करावंच लागतं. आम्ही भिंतीले पाहतो आणि भिंतीलेच ठोकतो. 'आ ला पारेद' वाचल्यावर माझ्या डोक्यात 'भिंतीले' उमटलं, त्यामागून सासूबाईंचा आवाज आला, आणि त्या आवाजाने उरलेलं वाक्य पूर्ण करून टाकलं. जो 'ले' मी मेला समजत होते, तो इतकी वर्षं आत जिवंत बसून होता. एरवी मला याचं कौतुक वाटलं असतं.

नवरा शाळेत शिकवतो. तो घरी आला तोवर मी तीच दोन चित्रं पाहत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "चित्र आहे ना? मग काहून टेन्शन घेऊन राहिली तू? लोक चित्र पाहूनच लावतात. वाचतं कोण?"

"मी वाचते," मी म्हटलं.

"तुझ्यासारखे किती आहेत? आणि सांगितलं त काम जाईन तुझं. तेवढं पाहून घे."

खरं सांगते, मला त्याचं म्हणणं हवंहवंसं वाटलं. दुसऱ्या कोणी तपासलं असेलच की. ती पट्टी खोक्यात असेल, पट्टी दिसली की माणूस लावेलच. मी मेल लिहिली, चार ओळींची. ती पाठवली नाही. तिकडची कचेरी शुक्रवारी लवकर बंद होते, आता सोमवारी उघडणार, मग घाई कशाला, असं स्वतःला सांगितलं. ही पळवाट होती आणि हे मला लिहितानाच कळत होतं.

पण डोकं थांबेना. इंग्लंडमधली एक बाई दिसायला लागली. तिच्याकडे खोकं आलं आहे. ती शहाणी आहे, सूचना ओळीओळीने वाचणारी, माझ्यासारखीच. माझ्या वाक्यापाशी ती थांबते आणि भिंतीकडे नीट पाहते. भिंत छान आहे, रंग ताजा आहे. तिचं समाधान होतं. पट्टी कशाची ते कळत नाही म्हणून ती बाजूला ठेवून देते. आतल्या खोलीत मूल रांगत असतं. मी जेवताना, भांडी विसळताना, मुलीचे केस विंचरताना ती बाई पुन्हा पुन्हा भिंतीकडे पाहत होती.

शनिवारी सकाळी मी मुलीचे कपडे घडी करून ठेवायला गेले. तिच्या कपड्यांसाठी आम्ही सुताराकडून प्लायवूडचं ड्रॉवरचं कपाट करून घेतलं होतं. वर मी बिस्किटांचा डबा ठेवते, तिचा हात पोहोचू नये म्हणून. खालून दुसऱ्या ड्रॉवरच्या काठावर धुळीचे पाच ठिपके होते. पायाची लहानशी बोटं, अंगठा स्पष्ट दिसत होता.

नवऱ्याला म्हटलं, हिला घेऊन गच्चीवर जा, आईंना कुरड्या टाकायला मदत कर. तो गेला. ते निघण्याआधी मी मुलीला एकदा उचलून घेतलं, तिचं वजन हाताने जोखलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पिठाचा मोठा डबा उचलला. हाताला दोघांचं वजन सारखंच लागलं.

सगळ्यात वरचा ड्रॉवर उघडला आणि त्यात डबा ठेवला. काही झालं नाही. जीव थोडा भांड्यात पडला. त्याच्या खालचा उघडला. कपाट हलकंसं कुरकुरलं, पण उभं राहिलं. मला वाटलं, पाहा, उगाच भितेस तू. मग तिसरा ओढला.

आवाज झालाच नाही म्हटलं तरी चालेल. मागचे पाय फरशीवरून उचलले गेले आणि ते सगळं माझ्याकडे यायला लागलं, सावकाश, जसं काही मीच त्याला बोलावलं होतं. मी त्याच्यासाठीच तिथे उभी होते. दोन्ही हात लावले, खांदा लावला. डबा घसरून माझ्या पायाशी आदळला आणि खोलीभर पीठ उडालं. कपाट माझ्या खांद्यावर थांबलं. मला ते मागे ढकलता येईना आणि सोडता येईना. मी मोठी बाई आहे, मला आधीपासून माहीत होतं की ते पडणार, तरी मला ते एकटीला पेलत नव्हतं.

डबा पडल्याचा आवाज ऐकून सासूबाई खाली आल्या. दारातच थबकल्या. "काहून वं, काय करून राहिली?"

मला रडू फुटलं. त्यांनी दुसऱ्या बाजूने हात लावला आणि आम्ही दोघींनी मिळून ते सरळ केलं. मग पिठातच फतकल मारून मी त्यांना सगळं सांगितलं. स्पॅनिश, इंग्रजी, चित्र, 'भिंतीले', सगळं. त्यांचा आवाज माझ्या डोक्यात बोलला हेही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मंग सांगून दे ना त्याईले," त्या म्हणाल्या.

"काम जाईल, आई."

"जाऊ दे ना मंग. काम काय लेकरापरीस मोठं हाये काय?" आणि माझ्या केसांतलं पीठ झटकत म्हणाल्या, "ऊठ. पयले थे लिहून ये. पीठ मी पाहतो."

मी पिठाच्या हातानेच मेल पाठवली. चूक माझी आहे, वाक्याचा अर्थ हा आहे, लहान मुलाच्या जिवाला धोका आहे, खोकी गेली नसतील तर थांबवा. चार ओळींच्या जागी चौदा झाल्या. पाठवल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. आता ती मेल एका बंद कचेरीत पडून होती आणि दुकानं तर शनिवारीही उघडी असणार.

रविवारी नवऱ्याने शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणलं. त्याने पहिलं भोक पाडायला घेतलं आणि तळहाताएवढा गिलावा खाली आला. आत भिंत पोकळ, ओलसर. सासूबाई मागेच उभ्या होत्या. "म्हनलं होतं, भिंतीले पाह्य," त्या म्हणाल्या. मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं की मी खोलीबाहेर निघून गेले. शेवटी कपाट दुसऱ्या भिंतीशी नेऊन ठोकलं. मी त्याला लोंबकळून पाहिलं. नवऱ्यालाही लोंबकळायला लावलं.

सोमवारी दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे तिकडे सकाळी, उत्तर आलं. काम वाटून देणाऱ्या त्या बाईने फार सभ्यपणे लिहिलं होतं. कळवल्याबद्दल आभार. काही खोकी गेली आहेत, गोदामातल्या उरलेल्यांवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू. योग्य वाक्य तासाभरात पाठवा. मी विचारलं की तपासनीसाच्या लक्षात कसं आलं नाही. तिने कळवलं, तपासणारे गृहस्थ जन्माने इंग्रज आहेत, ते फक्त इंग्रजी चांगली आहे का एवढं पाहतात. इंग्रजी चांगली होती.

ते वाक्य पाच-सहा शब्दांचं. कपाट भिंतीला घट्ट बसवा, मगच वापरा. दुसरीतल्या पोराने लिहावं असं. मला पाऊण तास लागला. लिहायचं, मोठ्याने वाचायचं, यातून आणखी काय काय अर्थ निघू शकतो ते शोधायचं, खोडायचं. आजवर मी ज्यांच्यावर विश्वासून चालले होते ते सगळे शब्द पायाखाली हलत होते. 'बसवा' म्हणजे कोणी भिंतीला नुसतं टेकवून ठेवलं तर? म्हणून 'स्क्रूने' घातलं. तो शब्द मूळ वाक्यात नव्हता. मुळात नसलेलं लिहायचं नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, आणि मी तो डोळे उघडे ठेवून मोडला.

मी पुन्हा लिहिलं : जी खोकी गेली, त्यांचं काय? उत्तर आलं, दुकानांना कळवतो आहोत. मी विचारलं, आणि जी लोकांच्या घरी पोहोचली? या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. मी एक आठवडा वाट पाहून तोच प्रश्न परत पाठवला. तेव्हाही आलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी, मुलगी उठायच्या आत, मी इंटरनेटवर इंग्लंड-आयर्लंडच्या बातम्यांत ड्रॉवरचं कपाट शोधते. काही सापडत नाही. सापडलं नाही म्हणजे घडलं नाही, असं तर नसतं.

काम गेलं नाही. महिन्याभरात नवी फाईल आली. पाळण्यांची. तान्ह्या बाळांचे पाळणे, त्यांचे कठडे, त्यांच्या कड्या, कोणती कळ कधी दाबायची आणि कोणती कधीच दाबायची नाही. पुन्हा तशाच चौकटी, डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मोकळी जागा. पहिल्या ओळीत काहीतरी 'काढून घ्या' असं होतं. काय काढायचं, गादी की बाळ की कठडा, ते कळायला मार्ग नव्हता. मी त्या बाईला लिहिलं, चित्रं पाठवा. तिने लिहिलं, अजून तयार नाहीत. मी लिहिलं, मग चित्रं होईपर्यंत मी थांबते, चित्रांशिवाय यातली एक ओळही करणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कामाच्या बाबतीत इतकं ठाम बोलले होते, आणि नवऱ्याला ते वाचूनही दाखवलं.

दोन दिवसांनी तिची मेल आली, नेहमीसारखीच सभ्य. माझी अडचण तिला समजत होती. मी काळजी करू नये, असं तिने लिहिलं होतं. ती फाईल त्यांनी दुसऱ्या भाषांतरकाराला दिली आहे, त्याला चित्रं लागत नाहीत.